बाळाच्या कागदावरची आई

चौथ्या खिडकीवरून फूलमती परत आली तेव्हा तुलसा मुळा किसत होती. सही झालेली नाही हे तिच्या चालण्यावरूनच कळलं. काखेत चार महिन्यांचं पोर, हातात तोच चुरगळलेला फॉर्म. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“आज काय म्हणाले?” तुलसाने विचारलं.

“बापाचं नाव भरून आण म्हणाले, दिदी.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, आईचं लिहिलंय ना. तर म्हणाले, आई तर कुत्रीच्या पिल्लालाही असते.”

तुलसाचा हात किसणीवर थांबला. मग तिने उरलेला मुळा इतक्या जोरात किसला की बोटाचं सालपट निघालं.

नेपाळी वकिलातीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं आश्रयघर होतं. घरकामाला येऊन मालकाच्या घरातून पळालेल्या अकरा बायका तिथे राहत होत्या. त्यांच्यासाठी सकाळ-संध्याकाळ भात, डाळ आणि वाळवलेल्या पाल्याचं गुंद्रुक रांधायचं काम गेली बारा वर्षं तुलसाकडे होतं. तिचा नवरा रुद्रबहादुर वकिलातीची गाडी चालवायचा. फाटकाजवळच्या एका खोलीत दोघं राहायची. त्याआधीची सात वर्षं तुलसानेही या वाळवंटातल्या शहरात लोकांची घरं झाडली होती, त्यामुळे इथली भाषा ती इथल्या बायकांसारखी बोलायची, शिव्यांसकट.

फूलमती बर्दियाकडची, तराईतल्या थारूंची पोर. वय तेवीस. चार वर्षं एकाच घरात राबली. त्या घरचा थोरला मुलगा तिच्या खोलीत यायला लागला तेव्हा तिने मालकिणीला सांगितलं. मालकिणीने तिलाच मारलं. सातव्या महिन्यात ती मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळाली आणि तशीच पोट धरून वकिलातीच्या फाटकाशी येऊन बसली.

खरं सांगायचं तर तेव्हा तुलसाला तिची शिसारी आली होती. तुलसा स्याङ्जाच्या डोंगरातली क्षेत्री, देवधर्म पाळणारी. ती त्या पोरीला वरूनच भात वाढायची, पळी ताटाला लागू द्यायची नाही. रुद्रला म्हणायची, “अशा पोरींनीच आपलं नाक कापलंय. नेपाळची बाई म्हटलं की आता माणसं कशी बघतात!” रुद्र म्हणायचा, “बूढी, ती का हौसेने पोट घेऊन आलीय?” तरी तुलसाची पळी वरच राहायची.

मग कळा सुरू झाल्या. आश्रयघराचं काम बघणारे टंकनाथ घिमिरे साहेब त्या दिवशी दारातूनच म्हणाले, “दवाखान्यात नेऊ नका. दवाखाना म्हटला की लग्नाचा दाखला आला, पोलीस आले. इथेच काय ते उरका.” उरका! जणू खरकटी भांडी होती. सहा तास पोर तळमळत होती. बाकीच्या बायका घाबरून भिंतीला चिकटल्या. शेवटी तुलसानेच बाह्या वर केल्या. तिच्या दोन्ही हातांत ते ओलं, गरम, निळसर पोर आलं आणि रडलं, आणि मग पळी वर धरायचं तिला आठवलंच नाही. अकराव्या दिवशी न्वारानला, म्हणजे बारशाला, भटजी कुठून आणणार? आणला असता तरी त्याने गोत्र विचारलं असतं. तुलसानेच दिवा लावला आणि फूलमतीने ठरवलेलं नाव बाळाच्या कानात सांगितलं. निश्चल.

आता गाडी अडली होती ती या निश्चलच्या कागदावर.

इथल्या सरकारने माफी जाहीर केली होती. ज्यांच्याजवळ कागदपत्रं नाहीत त्यांनी कोजाग्रत म्हणजे कोजागरी पौर्णिमेपर्यंत देश सोडावा, कुणी काही विचारणार नाही. त्यानंतर सापडेल त्याला तुरुंग. फूलमतीचा स्वतःचा परतीचा कागद वकिलातीने अर्ध्या तासात दिला होता. बाळाला कागद नव्हता, आणि कागदाशिवाय बाळ विमानात बसत नाही. म्हणजे ती एकटी गेली तर पोर इथल्या अनाथघरात. राहिली तर ती पोरासकट तुरुंगात, आणि पोर दोन वर्षांचं झालं की त्याच अनाथघरात.

आणि गंमत बघा, नियम आडवा येतच नव्हता. आईच्या एकटीच्या नावावर कागद मिळतो असं खिडकीशेजारच्या भिंतीवरच चिकटवलं होतं. फक्त खाली एक ओळ होती. अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. घिमिरे साहेबांची खात्री पटत नव्हती. खात्री पटली की सही आली, सही आली की उद्या कुणी विचारलं तर उत्तर देणं आलं. म्हणून त्यांनी काठमांडूला पत्र टाकलं होतं, मार्गदर्शन मागवलं होतं. काठमांडूची ऑफिसं दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, सुट्टीत बंद. साहेबांना हे ठाऊक असणारच, कारण सुट्टीची यादी त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली होती.

दसैंच्या सातव्या दिवशी, फुलपातीला, साहेबांनी फूलमतीला आत बोलावलं. तुलसा चहा घेऊन गेली आणि दाराशीच अडखळली.

“म्हणजे तो यायचा तेव्हा तू ओरडायची नाहीस?” साहेब विचारत होते.

“ओरडले, हजूर.”

“पहिल्यांदा ओरडलीस. नंतर?”

फूलमती दाराकडे बघू लागली.

“किती वेळा आला? अंदाजे. हे बघ, मला लिहावं लागतं सगळं.”

साहेबांच्या हातात पेन नव्हतंच. टेबलावरही कागद नव्हता. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, ओठ जरा ओले, आणि डोळे त्या पोरीच्या छातीवर, जिथे दुधाने कुर्ता भिजला होता. शेजारच्या खुर्चीतला कारकून नखं बघत बघत हसू दाबत होता. आजवर तिने या माणसाला किती कप चहा पाजला होता! साखर कमी, आलं जास्त. तिने कप टेबलावर असा आदळला की बशीत चहा सांडला.

“हजूर, बाळ रडतंय तिकडे. हिला सोडा.”

“तुलसा, मध्ये बोलायचं नाही.”

“मी कुठे बोलतेय? बाळ बोलतंय.”

बाहेर आल्यावर फूलमती नळाखाली तोंड धूत राहिली. बराच वेळ धूत राहिली. मग ओढणीने पुसत म्हणाली, “दिदी, मी ठरवलंय. टीक्याच्या दिवशी सगळे येणार आहेत ना? राजदूत, कंपन्यांमधली पोरं, मोबाइल काढून उभी राहणारी माणसं. मी बाळाला घेऊन मधोमध उभी राहणार. ओरडणार. सगळ्यांना सांगणार, हे कागद देत नाहीत म्हणून.”

“तुझी लाज जाईल गं, पोरी. गावापर्यंत जाईल.”

“लाज?” फूलमतीने तिच्याकडे असं बघितलं की तुलसाने नजर खाली घातली. “लाज आत त्या टेबलावर ठेवून आले मी आत्ता.”

तुलसाला वाटलं, खरं आहे. ओरडू दे. मीच हिच्या शेजारी उभी राहीन. दोन दिवस ती याच ठिणगीवर भात शिजवत होती.

टीक्याचा दिवस उजाडला, थोरांनी धाकट्यांच्या कपाळी टीका लावायचा, दसैंचा दहावा. वकिलातीच्या अंगणात मांडव पडला. सेल रोटीचा वास, खसीच्या मटणाचा वास, मादल ढोलकीचा ठेका. बांधकामावरची पोरं इस्त्रीचे शर्ट घालून, डोक्यावर ढाका टोपी चढवून आलेली. दोनशे माणसं सहज असतील. राजदूत दोन शब्द बोलून सावलीत बसले. तुलसाने नऊ दिवस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंधारात उगवलेलं जमरा, ते जवाचे पिवळे कोंब, ताटात रचून ठेवले होते. दही, तांदूळ, शेंदूर कालवून टीका तयार होता.

फूलमती बाळाला छातीशी बांधून खांबाजवळ उभी होती. चेहरा पांढराफटक. तुलसा तिच्या शेजारी. “आता?” फूलमतीने विचारलं. “जरा थांब. माइक सुटू दे,” तुलसा म्हणाली.

माइक घिमिरे साहेबांच्या हातात होता.

“आश्रयघरातल्या आमच्या चेलीबेटींनी, आमच्या लेकींनी पुढे यावं,” साहेब म्हणाले. “परदेशात यांना माहेर नाही असं कुणी म्हणू नये. यांचा बाप इथे उभा आहे.”

टाळ्या पडल्या. अकरा बायका ओळीने पुढे गेल्या. साहेबांनी एकेकीच्या कपाळावर टीका थापला, कानामागे जमरा खोचलं आणि आशीर्वाद दिला. फूलमतीची पाळी शेवटची. तिच्यासमोर साहेब क्षणभर थबकले. एकाने मोबाइल जवळ आणला. साहेबांनी तिला टीका लावला. बाळाच्या कपाळाला बोट टेकवलं. आणि मग, सगळ्यांदेखत, राजदूतांदेखत, वाकून त्यांनी फूलमतीच्या पायांवर कपाळ ठेवलं.

मांडवात एवढा गजर झाला की बाळ दचकून रडायला लागलं.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. तिकडे डोंगरात दसैंला बाप लेकीला टीका लावतो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवतो. लेक म्हणजे देवी. पण बाप ठेवतो, काका-मामा ठेवतात, आपल्या लेकीच्या पायांवर ठेवतात. परकीच्या पायांवर कुणी उगाच डोकं ठेवत नाही. तुलसाच्या गावात एका म्हाताऱ्या सुभेदाराने दारूच्या तारेत एका पोरक्या पोरीला टीका लावून ढोग दिला होता, तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. सकाळी उतरली, पण शब्द फिरवायची सोय नव्हती. दोन वर्षांनी त्यानेच म्हैस विकून त्या पोरीचं कन्यादान केलं. कुरकुरला, शिव्या दिल्या, पण केलं. डोकं पायावर टेकलं की नातं झालं, हे तुलसाला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपण या माणसाला फार वाईट समजलो.

फूलमती तिथेच उभी होती. माइक तिच्यापासून हातभर अंतरावर. तिने मान वळवून तुलसाकडे बघितलं, भुवया उंचावल्या. ओरडू?

तुलसाने मान हलवली. नको. झालं काम.

फूलमतीने ओठ घट्ट मिटले आणि खाली उतरली. नंतर आयुष्यभर तुलसाला ती आपली हललेली मान आठवत राहायची होती.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, कपाळावरचा वाळलेला टीका तसाच ठेवून तुलसा फॉर्म घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. फॉर्मवर आईच्या नावाखाली एक रिकामी ओळ होती. आईच्या वतीने हमी देणारा नातेवाईक. त्या ओळीत तिने कारकुनाकडून साहेबांचं नाव लिहून घेतलं होतं. कारकुनाने का लिहून दिलं ते तिला नंतर कळलं. त्याला मजा बघायची होती.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे काय आहे?”

“हजूर, काल तुम्ही लेक मानलीत ना. बापाने हमी दिली की झालं. खाली सही केलीत की...”

साहेब हसायला लागले. आधी हळू, मग खुर्ची हलेपर्यंत. “अगं तुलसा! ते टीक्याचं होतं गं! कार्यक्रम होता तो!”

“डोकं ठेवलंत तुम्ही.”

“मग? राजदूत समोर होते, पोरं व्हिडिओ काढत होती. बरं दिसतं.” त्यांनी डोळे पुसले. “तू म्हणजे अगदी गावंढळ राहिलीस हो. मी उद्या या पोराचा आजोबा होऊ? कुण्या अरबाच्या पोराचा?”

तुलसाच्या कपाळावरचा टीका एकदम खाजायला लागला. तिथल्या तिथे नखाने खरवडून काढावा असं तिला वाटलं. ज्या कपाळाने याने पाय शिवले ते कपाळ साबणाने धुऊन हा रात्री आरामात झोपला असेल! किळस, किळस आली तिला. आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली, कारण पोरगी ओरडायला उभी होती आणि तिचं तोंड आपण बंद केलं होतं.

“मग उद्या ती रस्त्यावर ओरडेल, हजूर,” ती म्हणाली. “मी तिच्याबरोबर ओरडेन.”

“ओरडा की. मांडव उतरला. ऐकायला आहे कोण?”

पण साहेबांचा हिशेब तिथे चुकला. तो व्हिडिओ फिरला होता. एका दिवसात हजारो माणसांनी बघितला. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, वा, अधिकारी असावा तर असा. दुसऱ्या दिवशी विचारायला लागले, ती शेवटची मुलगी कोण? तिच्या छातीशी बाळ कुणाचं? ते घरी कधी जाणार? राजदूतांनाही कुणीतरी विचारलं असावं, कारण त्यांनी घिमिरे साहेबांना बोलावून घेतलं आणि साहेब बाहेर आले ते कान लाल करून.

कोजाग्रतच्या आदल्या दिवशी साहेबांनी तुलसाला आणि रुद्रला आत बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज एकदम मऊ.

“दिदी, बसा. दाइ, तुम्हीही बसा.”

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिथे कुणी बसा म्हटलं होतं. रुद्र खुर्चीच्या टोकावर टेकला. तुलसा उभीच राहिली.

“तुम्हा दोघांना मूलबाळ नाही.”

“नाही, हजूर,” रुद्र म्हणाला.

“लग्नाचा दाखला आहे. दोघांकडे इथे राहायचे पक्के कागद आहेत. बाळ जन्मलं ते तुमच्याच हातात. दवाखान्याची नोंद कुठेच नाही.” साहेबांनी एक छापलेला कागद पुढे सरकवला. “आई, तुलसा क्षेत्री. बाप, रुद्रबहादुर क्षेत्री. नोकरीमुळे बाळ सांभाळता येत नाही, म्हणून ओळखीच्या बाईबरोबर गावी पाठवतोय. अशी किती जोडपी पाठवतात पोरं! आज सही करा, उद्या दुपारचं विमान आहे. सगळं सुरळीत.”

तुलसाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, “आणि फूलमती?”

“ती घेऊन जाईल ना बाळ. हातात बाळ पाहिजे की नाही तिला?”

“कागदावर ती कोण?”

“कोणी नाही. सोबत.”

“आणि तिकडे गेल्यावर? लस टोचताना, शाळेत घालताना, नागरिकत्व काढताना?”

“तेव्हाचं तेव्हा. दत्तक घेईल.”

“स्वतःचं पोर?”

“तुलसा,” साहेबांचा मऊपणा गळून पडला, “फॉर्मवर माझं नाव लिहायला निघाली होतीस. मग तुझं लिहायला काय झालं? फार कळवळा आहे ना?” मग रुद्रकडे बघून, “फाटकाजवळची खोली आहे ना तुमची? पुढच्या महिन्यात सगळ्यांचे करार नव्याने होणार आहेत.”

रुद्रने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता, फक्त छप्पन्न वर्षांचा होता.

“नियम आहे ना, हजूर,” तुलसा म्हणाली. “भिंतीवर चिकटवलाय. आईच्या नावावर होतो. तुमची एक सही. फक्त एक.”

“माझी सही नाही होणार,” साहेब म्हणाले. आणि मग, कदाचित अनवधानाने, खरं बोलले. “उद्या चौकशी झाली तर तुझं नाव लागलेलं परवडतं. माझं लागलेलं परवडत नाही.”

तुलसा दार उघडून बाहेर पडली. फूलमती भिंतीला टेकून बसली होती, दाराबाहेरच. तिने सगळं ऐकलं होतं.

“मी नाही करणार सही,” तुलसा धापा टाकत म्हणाली. “थुंकते मी त्याच्या कागदावर. आपण राजदूतांच्या गाडीसमोर आडव्या पडू. तू चल.”

“दिदी.”

“उठ म्हणते ना!”

“दिदी, उद्याचा एक दिवस उरलाय.” फूलमतीने बाळाला एका थानावरून काढून दुसऱ्याला लावलं. “आडवी पडले तर मला उचलून बाजूला ठेवतील आणि मग तो दिवसही जाईल. तेव्हा ओरडले असते तर ओरडले असते. तो वेळ गेला.”

तिने हे दोष म्हणून म्हटलं नव्हतं. तरी तुलसाने तो पुरता ऐकला.

“सही करा,” फूलमती म्हणाली. “मला हा हवाय. कागदावर तुमचा असू दे. रस्त्यावरच्या कुत्रीचा म्हटलं तरी चालेल. माझ्या हातात असू दे.”

तुलसा आत गेली. पेन तिच्या हाताला लागलं तेव्हा ते कोमट होतं, साहेबांच्या हातातलं. तिने सही केली. तिच्या शेजारी रुद्रने केली. साहेबांनी शिक्का मारला, फुंकर घातली आणि म्हणाले, “बघा, मनात आणलं की मार्ग निघतो.” संध्याकाळी आश्रयघरात त्यांनी लाडू पाठवले. तुलसाने पुडा तसाच कचऱ्यात टाकला. एका बाईने हळूच बाहेर काढून घेतला, तिलाही तुलसा काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी रुद्रने तिघांना गाडीतून विमानतळावर नेलं. वाटेत फूलमतीने एकदाच विचारलं, “दिदी, तिथे विचारतील?” तुलसा म्हणाली, “विचारतील. मी बोलेन. तू काही बोलू नकोस.”

माफीवर जाणाऱ्यांसाठी वेगळी रांग होती. काचेच्या टेबलामागे इथलाच एक तरुण अधिकारी होता, कापलेली दाढी, स्वच्छ पांढरा झगा. त्याने आधी फूलमतीचा कागद बघितला आणि शिक्का मारला. मग बाळाचा.

“याची आई कोण?” त्याने आपल्या भाषेत विचारलं.

बारा तास हाच एक शब्द तुलसा चघळत होती. “मी,” ती म्हणाली.

त्याने कागद बघितला, तिचे पिकलेले केस बघितले. “वय?”

“चव्वेचाळीस.”

“देवाची कृपा म्हणायची.” तो प्रसन्न हसला. मग बाळाकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. “चार महिन्यांचं पोर आणि पाठवून देतेस? अजून अंगावर पीत असेल ना?”

“काम आहे, साहेब.”

“काम!” त्याने मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. “घरी मलाही एवढीच मुलगी आहे. तिची आई तिला शेजारच्या खोलीतही सोडत नाही. कसली आई तू?”

मागे रांगेतली माणसं बघत होती. फूलमती एक पाऊल मागे, शालीत बाळ, मान खाली.

“घे त्याला,” अधिकारी म्हणाला. “मुका तरी घे. वर्षानुवर्षं दिसणार नाही तुला. घे, मी थांबतो.”

फूलमतीने बाळ काढून तुलसाच्या हातात दिलं. ते लगेच अंग मोडून मागे वळलं, दोन्ही मुठी फूलमतीकडे झेपावत रडायला लागलं. फूलमतीच्या कुर्त्यावर दोन ओले डाग पसरले. तिने घाईने शाल ओढून घेतली आणि हात पाठीमागे धरले, नाहीतर ते आपोआप पुढे आले असते. तुलसाने बाळाच्या डोक्यावर ओठ टेकले. सगळं जग बघत असताना दुसरीच्या पोराचा तिने आईसारखा मुका घेतला.

अधिकाऱ्याचे डोळे पाणावले होते. त्याने शिक्का मारला. कागद घडी घालून नीट फूलमतीच्या हातात दिला आणि तिला समजावं म्हणून सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “नीट सांभाळ. दुसऱ्याचं मूल आहे.”

चार वर्षं त्या भाषेतले हुकूम ऐकलेली फूलमती. तिने शिकवल्याप्रमाणे मान खाली घातली.

“हो, मालक,” ती म्हणाली.